आपल्या सिन्नरचे वामनदादा कर्डक



आज इतिहास सांगायचा आहे. किल्ले आणि लढाया शाळेच्या पुस्तकात येतात, त्या आज राहू द्या. आज आपल्याच जिल्ह्यातल्या, गाणी रचणाऱ्या आणि गाणाऱ्या एका माणसाबद्दल बोलू. त्यांचं पूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. लोक त्यांना वामनदादा म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

आम्ही नाशिकला द्वारकेच्या भागात राहतो आणि बचत गटांचं काम बघतो. द्वारका म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दवाखान्याला या, बाजाराला या, नाहीतर कागदपत्रांसाठी या, तुमची गाडी द्वारकेच्या गर्दीत एकदा तरी अडकतेच. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो आणि पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो. त्या पुण्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर. आणि सिन्नर तालुक्यातच देशवंडी नावाचं गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादांचा जन्म झाला.

एप्रिल महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीला गावात जी गाणी वाजतात, ती तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहेत. कुणी मंडपात बसून ऐकली असतील, कुणी लांबून, भाकरी थापता थापता. त्यातली कितीतरी गाणी वामनदादांची आहेत. पण आम्ही गटांच्या बैठकांमध्ये विचारून पाहिलं तेव्हा गाणं ओळखणाऱ्या बाया पुष्कळ निघाल्या, ते लिहिणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या थोड्या, आणि तो आपल्या सिन्नरचा होता हे ठाऊक असलेल्या तर अगदी दोन-चार. म्हणून ही गोष्ट सांगायची.

वामनदादांच्या आईचं नाव सईबाई, वडिलांचं तबाजी. थोरला भाऊ सदाशिव आणि धाकटी बहीण सावित्री. घर दलित समाजातलं, कष्टाचं. सिन्नरकडची जमीन कशी आहे ते तिकडच्या बायांना विचारा. पाऊस कमी, दगड जास्त. आज तिथे कारखाने दिसतात, पण त्या काळी शेत पिकलं नाही तर लाकूडफाटा विका, गुरं राखा, विड्या वळा, दुसऱ्याच्या बांधावर जा, एवढंच हातात असे. सिन्नरच्या विड्या तेव्हापासून प्रसिद्ध. त्या वळणारे हात बहुतेक बायांचेच. वामनदादा शाळेत गेले नाहीत. त्या वेळी आपल्या आज्या-पणज्यांचं जे झालं तेच त्यांचं झालं.

ते लहान होते तेव्हा नाशिकमध्ये काय चाललं होतं, हेही लक्षात घ्यायला पाहिजे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळात जाण्याचा हक्क मागायला हजारो माणसं पंचवटीत जमली, त्यात बायाही होत्या. त्या सत्याग्रहाचं मोठं काम दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी सांभाळलं. वामनदादा तेव्हा साताठ वर्षांचे. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा वामन तेरा वर्षांचा होता. या गोष्टी जिथे घडल्या, तो काळाराम आणि ते येवला, आपल्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं आहेत.

आता एक प्रश्न मनात येतो. तेव्हा खेड्यात वाचता येणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. रेडिओ नाही, वर्तमानपत्र गावात यायचं नाही, आणि आलं तरी वाचणार कोण? मग येवल्यात झालेली गोष्ट दोडी, वावी, देशवंडीला कळायची कशी?

ती जलशातून कळायची. जलसा हा तमाशाच्याच घाटाचा. ढोलकी, तुणतुणं, झांज आणि पाच-सात माणसं. महात्मा फुल्यांच्या विचाराची माणसं सत्यशोधक जलसे करायची, त्यांच्या पुढचं पाऊल म्हणजे आंबेडकरी जलसे. तमाशात सुरुवातीला गण असतो, मग गवळण, मग वग. जलशातल्या लोकांनी बाईची थट्टा करणारा भाग काढून टाकला आणि वगाच्या जागी पाणवठ्याचं, शाळेचं, सावकाराचं नाटक घातलं. आपल्या नाशिक जिल्ह्याचे भीमराव कर्डक हे या जलशांमधलं फार मोठं नाव. आडनाव एकच असलं तरी भीमराव वेगळे आणि वामनदादा वेगळे, भीमराव आधीच्या पिढीतले. आपली दहा भाषणं आणि जलसेवाल्यांचं एक गाणं सारखंच काम करतं, असं बाबासाहेब म्हणायचे, हे जुनी माणसं आजही सांगतात. यात आश्चर्य काही नाही. भाषण ऐकून माणूस घरी जातो. गाणं त्याच्याबरोबर घरी येतं, आणि दुसऱ्या दिवशी निंदणी करणाऱ्या बायकोच्या तोंडीही जातं.

वामनदादा पोटासाठी मुंबईला गेले. आपल्याकडची किती घरं अशी मुंबईच्या गिरण्यांवर जगली! तिथे त्यांनी काय काम केलं असं विचारण्यापेक्षा काय केलं नाही असंच विचारावं. कोळशाच्या वखारीत हमाली केली, मातीच्या पाट्या उचलल्या, खडी फोडली, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, टाटांच्या तेलाच्या कारखान्यात काम केलं. चित्रपटात नट व्हायचीही हौस होती, त्यासाठी स्टुडिओच्या दारात उभे राहिले, गर्दीतली कामं केली. राहायला शिवडीच्या बीडीडी चाळीत. एक खोली आणि तिच्यात मावतील तेवढी माणसं. त्या चाळीत ते समता सैनिक दलाचं काम करू लागले. पोरांना लाठीकाठी शिकवायचे. तरुण, धडधाकट, बोलायला मोकळे. पोरं त्यांना मानायची.

आणि इथे ती पत्राची गोष्ट येते. वामनदादांनी स्वतः ती लोकांना सांगितली आहे. चाळीतला एक माणूस त्यांच्याकडे पत्र घेऊन आला. गावाकडून आलेलं पत्र, वाचून दाखवा म्हणाला. त्याला वाटलं, एवढ्या पोरांचा पुढारी, याला वाचता येत असणारच. वामनदादांना एक अक्षर येत नव्हतं. त्या माणसाला तसंच परत जावं लागलं, आणि वामनदादा रडले.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबावंसं वाटतं. गटाचं खातं उघडायला बँकेत जातो तेव्हा शाईचं पॅड पुढे येतं आणि एखादी मावशी पदराआड हात घेते, ते आम्ही कितीदा पाहिलं आहे. तिला हिशेब येतो. गटातल्या वीस बायांचे हप्ते, कुणाचं व्याज थकलं, कुणी किती उचल घेतली, सगळं तिच्या डोक्यात असतं. पण अंगठा लावताना ती खाली बघते. तीच मावशी घरी भावाची चिठ्ठी आली की नातवाला हाक मारते, आणि नातू जे वाचेल ते खरं धरते. त्यात काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं, हे तिला कधीच कळत नाही. विशीतला वामन ज्या पत्रासाठी रडला ते पत्र दुसऱ्याचं होतं. रडू कशाचं आलं असेल ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना सांगायला लागणार नाही.

त्यानंतर त्यांनी शिकायचं ठरवलं. चाळीत देहलवी नावाचे मास्तर होते, त्यांनी बाराखडी गिरवून घेतली. बाराखडी झाली पण जोडाक्षरं अडत. मग वामनदादा रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. मुंबईत पाट्यांना काय तोटा! एकेक अक्षर लावत, पुढच्या अक्षराशी जोडत, तोंडाने म्हणत चालायचं. सिन्नरच्या पोराची शाळा मुंबईच्या रस्त्यावर भरली. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात आम्ही बायांना हीच युक्ती सांगतो. एसटीची पाटी वाच, रेशन दुकानाचा फळा वाच, खताच्या गोणीवर काय लिहिलंय ते वाच. पुस्तक उघडलं की भीती वाटते, पाटीची वाटत नाही.

अक्षर आलं आणि थोड्याच दिवसांत गाणंही आलं. १९४३ सालची गोष्ट. मुंबईत राणीच्या बागेत एक हिंदी गाणं कानावर पडलं आणि त्याच चालीवर त्यांनी मराठी शब्द बसवले. गंमत म्हणून केलेलं विडंबन होतं ते. संध्याकाळी चाळीत म्हणून दाखवलं, लोक हसले, पुन्हा म्हण म्हणाले. हे त्यांचं पहिलं गाणं. त्याच साली मुंबईत नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं आणि ऐकलं. तिथून पुढे गाण्याचा विषय बदलला. हसवणारा वामन जागे करणारा झाला, पण हसवणं सोडलं नाही. त्यांच्या गाण्यांत टोमणा असतोच. मोठमोठ्या उद्योगपतींची नावं घेऊन, या धनात आमचा वाटा कुठाय असं विचारणारं त्यांचं गाणं तर लहान पोरांनाही पाठ असतं.

चालीबद्दल थोडं सांगू, कारण वामनदादांचं गाणं एवढं पसरलं कसं याचं उत्तर तिथे आहे. नवीन चाल लोकांना शिकवायला वेळ लागतो. ओळखीच्या चालीवर नवे शब्द घातले तर दुसऱ्या कडव्याला सगळा मंडप साथ देतो. म्हणून जलसेवाल्यांनी लोकांच्या चाली घेतल्या, ओवीची, पोवाड्याची, लावणीची, भजनाची, कव्वालीची आणि सिनेमाचीही. वामनदादांनी सगळ्या घेतल्या. भोंडल्याच्या चालीवर आपण हुंड्याविरुद्धचं गाणं म्हणतो ना, तीच रीत. शब्द साधे, आपल्या बोलण्यातले. एकदा ऐकलं की पाठ व्हायला पाहिजे, कारण समोर बसलेल्यांच्या हातात वही नाही आणि असली तरी उपयोग नाही, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुःख एवढं मोठं की सांगता येत नव्हतं, आणि काम तर वाढलेलं. नवा धम्म म्हणजे काय, बुद्ध कोण, घरात आता काय करायचं आणि काय सोडायचं, हे खेड्यापाड्यातल्या माणसांना कोण सांगणार? ते काम गायकांनी केलं. लग्नात, नामकरणाला, बुद्धपौर्णिमेला, जयंतीला गायन पार्ट्या बोलावल्या जायच्या. वामनदादा त्या काळात सतत फिरतीवर. एसटीने, रेल्वेने, बैलगाडीने, आणि पुढे गाडी नसेल तर पायी. महाराष्ट्रभर, आणि महाराष्ट्राबाहेरही.

गायन पार्टी कशी असायची ते नव्या पोरींना माहीत नसेल. एक गाणारा पुढे. एक पेटीवाला, एक ढोलकी किंवा तबल्यावर, कुणाच्या हातात झांज किंवा खंजिरी, आणि मागे कोरस. जुन्या भाषेत याला झील धरणं म्हणतात. पुढच्याने ओळ टाकली की मागच्यांनी उचलायची, म्हणजे त्याला श्वास घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला सवड मिळते. झील नीट नसेल तर चांगला गाणाराही तासाभरात बसतो. मंडपात गॅसबत्ती, नंतर विजेचे दिवे आणि कर्णा. वर्गणी काढून बिदागी द्यायची, ती कधी पुरेशी, कधी जायच्या-यायच्या भाड्यापुरती. रात्री दहाला सुरू झालं तर कोंबडं आरवेपर्यंत. लोक चिठ्ठ्या पाठवायचे, हे म्हणा, ते म्हणा. खूश झाला तर कुणी रुपयाची नोट आणून द्यायचा.

पुढच्या गाणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या पत्रकात छापलं जायचं. झील धरणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. आम्हाला या मागच्या माणसांबद्दल फार वाटतं. पार्टी गावात आली की वीस माणसांचा स्वयंपाक कुणाच्या तरी चुलीवर व्हायचा, तोही झिलीतलाच भाग म्हणायचा. आणि घरधनी पंधरा-पंधरा दिवस फिरतीवर असताना घर कोण चालवायचं?

वामनदादांच्या घराची गोष्ट सोपी नाही. पहिलं लग्न अनसूयाबाईंशी झालं, मुलगी झाली, मीरा. ती लहानपणीच आजारपणात गेली. तो संसार पुढे टिकला नाही. नंतर शांताबाईंशी लग्न झालं. स्वतःचं मूल राहिलं नाही, रवींद्र नावाचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. हजारो माणसं ज्यांना ऐकायला रात्र रात्र बसायची त्यांच्या घरात पैसा कधी साठला नाही. शांताबाईंनी या फिरत्या माणसाचा संसार धरून ठेवला. वामनदादांवर बोलताना लोक त्यांच्या प्रतिभेबद्दल भरभरून बोलतात. शांताबाईंचं नाव एका ओळीत येतं. आम्हीही आत्ता एकाच ओळीत घेतलं बघा, कारण त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंयच तेवढं.

आता नावाचीच गोष्ट. अभंगात शेवटी तुका म्हणे येतं, जनी म्हणे येतं. तसं वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे, वामन. याला नाममुद्रा म्हणतात. ज्या माणसाला विशीपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्याने पुढे हजारो गाण्यांवर अशी सही केली. आणि ही सही कागदावर नाही, तोंडातोंडी जाणारी. कागद फाटतो, चोपडी हरवते. पण गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं तर कर्त्याचं नाव घेतल्याशिवाय ते संपतच नाही.

त्यांची गाणी दुसऱ्या गायकांनी भरपूर गायली. वह्यांमध्ये उतरवून घेतली, एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत गेली. सहा डिसेंबरला मुंबईला चैत्यभूमीवर, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गाण्यांच्या छोट्या चोपड्या विकायला असतात, त्यांत गेली. काही चित्रपटांतही गेली. नंतर कॅसेटी आल्या. कॅसेटीवर गाणाऱ्याचं नाव मोठं, लिहिणाऱ्याचं बारीक, किंवा नाहीच. शेवटचं कडवं गाळलं की नाममुद्राही गेली. गाणं गाजलं आणि पैसे तिसऱ्यानेच केले, असं लोककलेत नेहमीच होत आलं आहे, वामनदादांच्या गाण्यांचंही झालं. ते मात्र गाणी वाटतच राहिले. कुणी मागितलं की द्यायचं. आम्हाला विचाराल तर हा मोठेपणा खरा, पण त्याचा फायदा घेणारे मोठे नव्हते.

आपल्या बायांच्या गाण्यांचं तर याच्याही पुढचं आहे. जात्यावर पहाटे आपल्या आज्यांनी ज्या ओव्या रचल्या त्यांत भावाचं नाव येतं, गावाचं येतं, विठ्ठलाचं येतं, रचणारीचं नाव सहसा येत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतेवाँ यांनी बरीच वर्षं गावोगाव हिंडून या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यांनी ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. त्यात बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ ओव्या आहेत, दळता दळता बायांनी स्वतः रचलेल्या. म्हणजे मंडपात वामनदादा गात होते तेव्हा घरातल्या जात्यावर बायाही गातच होत्या. मंडपातलं घरात जायचं आणि घरातलं मंडपात यायचं. वामनदादांच्या रमाईवरच्या गाण्यांत शेणाच्या गोवऱ्या, फाटकं लुगडं, उपाशी लेकरं येतात, ती कुठल्या पुस्तकातून आलेली नाहीत.

आता थोडं अवघड बोलायचं आहे.

एका गावात आमची गटांची एकत्र बैठक होती. मराठा वस्तीतला गट, बौद्ध वस्तीतला गट, वंजारी समाजातल्या बाया, आदिवासी वाडीतल्या बाया, सगळ्या समाजमंदिरात. बैठकीआधी गाणं म्हणायची आपली पद्धत आहे. एका ताईने वामनदादांचं गाणं सुरू केलं. आवाज छान, पण दुसऱ्या ओळीलाही कुणी साथ देईना. तिच्या गटातल्या बायांनी तेवढी दिली. नंतर चहा पिताना एक बाई आम्हाला हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते त्यांच्या जयंतीचं गाणं आहे, आमच्यात नाही म्हणत." त्या बाई वाईट नाहीत. गटातल्या कुणाच्या घरी आजारपण आलं तर रात्री धावून जाणाऱ्या आहेत. पण लहानपणापासून गाण्यांचीही वाटणी झालेली असते, पाणवठ्यासारखी. आम्ही त्यांना विचारलं, त्या गाण्यात काय होतं? त्या म्हणाल्या, नीट ऐकलं नाही. मग त्या ताईंनी ते पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, अर्थ सांगत. भाकरीचं गाणं होतं ते. राबणाऱ्याच्या ताटात भाकरी का नाही, एवढंच विचारणारं. बाई म्हणाल्या, "हे तर आपलंच आहे की." आणि मग विचारलं, "कुणी केलंय?" सिन्नरचे होते म्हटल्यावर त्यांना फार नवल वाटलं, कारण त्यांचं माहेरच सिन्नर तालुक्यातलं!

वामनदादांनी जातीबद्दल लिहिलं, तिखट लिहिलं, ते लपवून त्यांना गोड करायचं कारण नाही. ज्यांच्या आज्याला देवळाच्या पायरीवरून हाकललं ती माणसं त्यांच्या गाण्यात बोलतात. ते ऐकताना कुणाला टोचलं तर टोचू द्यावं. पण त्यांचे शब्द शेतमजुराचे, गिरणीतल्या कामगाराचे, राबून उपाशी राहणाऱ्या बाईचेही आहेत. निसर्गाची, प्रेमाची गाणीसुद्धा त्यांनी लिहिली आहेत, आणि ती तर फारच कमी लोकांना माहीत आहेत.

त्यांची पुस्तकं उशिरा निघाली. वाटचाल हे १९७३ साली, म्हणजे पहिलं गाणं करून तीस वर्षं झाल्यावर. मग १९७६ला मोहळ, १९७७ला हे गीत वामनाचे. माझ्या जीवनाचं गाणं हे आत्मचरित्र १९९६चं. वाचनालयात विचारून बघा, नसलं तर मागवा म्हणून सांगा, मागितल्याशिवाय पुस्तक येत नाही. १९९३ साली वर्ध्याला अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. दुकानांच्या पाट्यांवर जोडाक्षरं शिकलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, पन्नास वर्षांनी.

मधल्या काळात मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून लढा झाला. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत, सोळा वर्षं. घरं जळाली, माणसं मेली. त्या सगळ्या काळात गायन पार्ट्या गातच होत्या. एका नावासाठी एवढं का, असं तेव्हा खूप जण म्हणत. बँकेच्या कागदावर अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही केलेल्या बाईला विचारा, ती सांगेल.

१५ मे २००४ रोजी नाशिकमध्येच वामनदादा गेले, वयाच्या ८१व्या वर्षी. गाणं शेवटपर्यंत सुरू होतं.

त्यांची जयंती १५ ऑगस्टला येते. त्या दिवशी सकाळी आपण शाळेत झेंडावंदनाला जातोच. या वर्षी ऑगस्टच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने एक गाणं म्हणायचं असं आम्ही ठरवलं आहे. वामनदादांचं म्हणा, नाहीतर तुमच्या आजीची ओवी म्हणा. अट दोनच. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचं, आणि ते कुणाचं, कुणाकडून शिकलात, कुठल्या गावचं, ते सांगायचं. इतिवृत्ताच्या वहीत हप्त्यांचा हिशेब संपला की मागची आठ-दहा पानं त्यासाठी मोकळी ठेवा. ज्यांना लिहिता येतं त्या लिहितील. ज्यांना येत नाही त्यांनी नुसतं गायचं, उतरवून घ्यायला आम्ही येतो आहोत. खाली सही मात्र गाणारीनेच करायची आहे, आणि सराव करायला अजून वेळ आहे.